फाटकाशी आलेले बांबू

गेल्या महिन्यात काकू गेल्या. मित्राचा पुण्याहून फोन आला. रडत होता, आणि रडता रडताच म्हणाला, "सामान आणायला तू नको जाऊस हां. तुझा काही भरवसा नाही."

मी हसलो. आमच्यातला हा जुना विनोद आहे. एका रविवारी मी मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात गेलेलो, दुकानदाराने "कोण गेलं?" विचारल्यावर घाबरलो, आणि तोंडातून मित्राच्या जिवंत वडिलांचं नाव निघून गेलं. त्यांच्याच बिल्डिंगच्या फाटकाशी बांबू येऊन पडले. लग्नात, बारशात, कितीदा सांगून झाली असेल ही गोष्ट. सांगतात नेहमी दुसरेच. मी बोलणाऱ्यांतला नव्हे. बाजूला बसून मान हलवतो.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ती कॅसेट आहे ना रे तुझ्याकडे? आई आणि बाबा दोघं हलताना-चालताना दिसतात अशी तेवढीच एक आहे. दिवस झाले की येतो. बघू बसून."

कॅसेट आहे. आणि या वेळी ती नीट पाहिली की त्याला कळणार आहे. मी घाबरलो नव्हतो. नाव निसटलं नव्हतं. ते मी विचार करून दिलेलं होतं.

नव्वदीची सुरुवात होती. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहायचो. समोरासमोर दोन तीनमजली बिल्डिंगी, मध्ये टेम्पो जेमतेम जाईल एवढा रस्ता, दोन्हीकडे लांबलचक गॅलऱ्या. त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल कुणाचा हे आमच्या गॅलरीतून ओळखू यायचं. बिल्डिंगींच्या मागे शेतं, शेतांच्या मागे खाजण, त्यापलीकडे खाडी. समोरच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर मित्र, काका आणि काकू.

काका कोलशेतच्या एका कंपनीत होते. चेष्टा करायची आणि चेष्टा सोसायची, दोन्हीत पुढे. माझा दहावीचा निकाल आधी तेच बघून आलेले. तोंड पाडून आमच्या दारात उभे राहिले, आईने डोळ्याला पदर लावला, मग खिशातून पेढ्यांचा पुडा काढला. आईने त्यांना महिनाभर चहा विचारला नाही. पुढच्या वर्षी तिने त्यांना मीठ घातलेला चहा दिला, तर तो शेवटच्या घोटापर्यंत पिऊन म्हणाले, "वहिनी, साखर जरा जास्त झाली." असा माणूस. पण शकुनाला भयंकर भ्यायचा. निघताना कुणी शिंकलं की परत आत येऊन पाणी पिऊन बसणार, मग गाडी चुको की कामावर लेटमार्क पडो. त्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं. हो-नाही करत, काकूंच्या रडण्यापायी, ते कसेबसे तयार झालेले. दसऱ्यानंतरची तारीख मिळालेली. बिल्डिंगीत सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही.

मी लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एका माणसाकडे कामाला होतो. आधी लाईट धरायचो, मग वायर सोडायचो, मग कधीमधी पंगतीवर कॅमेरा फिरवायला मिळायचा. पितृपंधरवडा लागला की आमचा धंदा झोपायचा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांचे कॅमेरे कपाटात. त्या रिकाम्या कॅमेऱ्यांकडे बघूनच ठाण्याच्या एका हौशी मंडळाने स्पर्धा काढली. पितृपक्षात कसली स्पर्धा, असं कुणी म्हणालं, तर मंडळातले एक जण म्हणाले, "पितरांनी नुसतं जेवायचंच काय? त्यांना पण काही बघायला नको?"

नियम असे. शनिवारी सकाळी चिठ्ठी उचलायची, रविवारी दिवेलागणीला कॅसेट परत. कोरी कॅसेट मंडळच देणार, तिच्या पाठीवर सही करून. एडिटिंग नाही. जे ज्या क्रमाने दिसायला हवं त्याच क्रमाने शूट करायचं. मागे जाऊन पुसायचं नाही. पुसलं की जोडाच्या जागी चित्र उडतं आणि ते लगेच कळतं. कोपऱ्यातली तारीख-वेळ चालू ठेवायची. "हात बांधले की डोकं चालतं," असं ते मंडळवाले म्हणाले. मला ते इतकं पटलं की घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होतो. आजही ते खोटं वाटत नाही. कुठल्या दिशेला चालतं, तेवढं त्यांनी सांगितलं नव्हतं.

आमच्या चिठ्ठीत लिहिलेलं: दाराशी जमलेली माणसं. मडकं. सबंध फिल्ममध्ये एकच वाक्य बोललं जावं आणि तो प्रश्न असावा.

मित्र म्हणाला, "सोपं आहे रे. नळावरची गर्दी घेऊ." शनिवार त्यात गेला. सार्वजनिक नळाशी कॅमेरा घेऊन उभे राहिलो की बायका पदर सारखा करायच्या, पुरुष पोट आत घ्यायचे. एक आजोबा रांग सोडून आले आणि हात जोडून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, जसे लग्नात वधूपित्याशेजारी उभे राहतात. कॅमेरा म्हणजे लग्न, एवढंच लोकांना ठाऊक होतं. मित्राने ओळखीच्या गणपती मंडळाच्या पोरांना बोलावलं, त्यांतली दोन आली आणि दोघं हसतच राहिली. आम्ही नुसत्या तालमी केल्या, कॅसेटवर एक चित्र घेतलं नाही, आणि तेवढ्यात बॅटरी संपत आली. कॅमेरा देताना मालक म्हणालेला, "बॅटरीचं माझ्यावर सोडू नकोस हां. नवरी लाजते त्याच्या आत ती उतरते."

रविवारी सकाळी मित्र दुसरी बॅटरी आणायला ठाण्याला गेला. कोलशेतला मालकाचा मेव्हणा राहायचा, त्याच्याकडे होती म्हणे. दुपार झाली तरी त्याचा पत्ता नाही. मी कॅमेऱ्याला घरातली वायर जोडली. ती स्वयंपाकघराच्या प्लगमधून निघून गॅलरीच्या कठड्यापर्यंत पुरली, पुढे एक वीत नाही. म्हणजे जे काही घडायचं ते आता आमच्या गॅलरीसमोरच घडायला हवं होतं. मी डोळा लावून बघितलं. समोर त्यांचं फाटक, वर दुसऱ्या मजल्याची गॅलरी, दोन्ही एका चौकटीत नेमकी बसत होती. चौकट तयार होती. माणसं नव्हती.

तेवढ्यात काकू पिशवी घेऊन खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी काकांच्या वडिलांचं श्राद्ध होतं, भाजी आणायची होती. मग काकांनी दार लोटून घेतलं. रविवारी जेवले की ते झोपायचे.

कॅमेऱ्याकडे न बघता, कुणाला न विचारता, हसू पुसून माणसं कशाने गोळा होतात? हा प्रश्न मला पडला आणि उत्तर त्याच्या पाठोपाठ आलं. मला आठवतं, मला आनंद झाला. गणित सुटल्यावर होतो तसा. मडकंसुद्धा त्यात आपोआप बसत होतं. आणि "कोण गेलं?" असं कुणीतरी विचारणारच होतं.

दुकान स्मशानाच्या रस्त्याला होतं. दुकानदार दाढीला साबण लावून आरशात बघत होता. मी म्हटलं, एक फिल्म करतोय, थोडं सामान हवं होतं, बांबू वगैरे. त्याने आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"हे भाड्याने नसतं रे. आणि परत पण घेत नाही मी. घरी गेलेलं इथे येत नाही."

"विकत घेतो ना."

"कोण गेलंय?"

"कुणी नाही. म्हटलं ना, फिल्म."

"मग चल, निघ. नावाशिवाय मी बांबू देत नाही. माझ्या बापाने पण दिला नाही."

इथे मी घाबरून गेलो असतो, तर गोष्ट लोक सांगतात तशीच असती. मी दुकानाबाहेर आलो. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. समोर एक कुत्रं राखेच्या पोत्यावर झोपलेलं. मी तिथे उभं राहून आमच्या समोरच्या बिल्डिंगीतली एकेक खोली डोळ्यांपुढे आणली. तळमजल्यावरच्या आजी माझ्या आजोळच्या ओळखीच्या. तिसऱ्या मजल्यावरचा मास्तर तर सकाळीच गॅलरीत उभा होता, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. ऐकणाऱ्याला लगेच पटेल असं नाव एकच होतं. खोटं नाव देता आलं असतं का? आलं असतं. पण मग बांबू येऊन पडले असते आणि लोकांनी विचारलं असतं, हे कुठे राहतात? गर्दी जमली नसती.

मी परत आत गेलो आणि काकांचं नाव आणि बिल्डिंगीचा पत्ता सांगितला. त्याने तोंड पुसलं. आवाज बदलला त्याचा.

"आधी सांगायचं ना बाळा. पहिल्यांदा आलास का? होतं असं. माणसाला बोलवत नाही. पुरुष. वय?"

मी वय सांगितलं.

"उंची?"

मी हात वर करून दाखवला. काका माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होते. दोन बोटं वर धरून दाखवला.

"तू घरी जा. आईजवळ बस. हातगाडी येते मागून."

मी धावत घरी आलो. कॅमेरा चालू केला तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. रिकामं फाटक मी बराच वेळ घेत राहिलो, कारण सुरुवात शांत हवी होती. मग हातगाडी आली. माणसाने बांबू उतरवले, गवताचा भारा टाकला, मडकं फाटकाच्या खांबाशी ठेवलं, त्यात काकांच्या नावाची पावती टाकली आणि वर न बघता निघून गेला. तळमजल्याची खिडकी उघडली. मग एक दार. मग दुसरं.

मी कल्पना केली होती त्यापेक्षा ते फार चांगलं झालं. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. माणसं एकेक करून खाली आली आणि हात मागे बांधून उभी राहिली. वाण्याने अर्धं शटर ओढलं. वर जाऊन कुणी दार वाजवलं नाही, कारण बॉडी हॉस्पिटलातून यायची असणार, असं कुणीतरी ठरवलं आणि इतरांना ते पटलं. पावतीवरचं नाव वाचल्यावर कुणालाच काही विचारावं लागलं नाही. पहिल्या मजल्यावर एक आबा होते, आळीतल्या सगळ्या तिरड्या तेच बांधायचे. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावावा तसा फाटकाला लावला, उकिडवे बसले आणि बांधायला घेतलं. त्यांचे हात मी जवळ आणून घेतले. गाठ, दात, सुतळी, गाठ.

मनात होतं की आता खाली जावं आणि सांगून टाकावं. एवढं मिळालं होतं, पुरे होतं. आणि मला रस्त्याच्या टोकाला काकू दिसल्या.

दोन्ही हातांत पिशव्या. एकीतून केळीचं पान बाहेर आलेलं, दुसरीत कोहळा, त्याच्या वजनाने त्या डावीकडे कलून चालत होत्या. गर्दी बघून त्यांची चाल कमी झाली. मग परत पहिल्यासारखी झाली. लोक बाजूला होत गेले तशी त्यांच्यासाठी एक वाट तयार झाली. त्या वाटेच्या टोकाला बांबू होते. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मयताच्या बायकोशी पहिलं कोण बोलणार? काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या, कोहळा कलंडू नये म्हणून खांबाला टेकवून. आणि मग त्यांनी पायांतल्या चपला काढल्या. मयताच्या घरी आपण बाहेर काढतो तशा, इतरांच्या चपलांच्या ओळीत. स्वतःच्याच फाटकाबाहेर.

माझ्या गॅलरीपासून त्या एवढ्या जवळ होत्या की नुसतं "काकू" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मोठ्याने ओरडायचीही गरज नव्हती. मी झूमचं बटण दाबलं. त्यांचा चेहरा चौकटीत भरला. तो मी इथे लिहिणार नाही.

तेवढ्यात वर दार वाजलं. काका बनियनवर गॅलरीत आले, डोळे चोळले, खाली वाकून बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय रे, कोण गेलं?"

एकच वाक्य. आणि तो प्रश्न होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आबांच्या हातातून सुतळी सुटली. मास्तर मटकन खाली बसला. काकू जिना कशा चढल्या कुणी पाहिलं नाही, पण वरून आधी रडण्याचा आणि मग काकांच्या हसण्याचा आवाज आला. मी खाली गेलो आणि ती गोष्ट सांगितली, अडखळत, घाम पुसत. मडकं आणायला गेलो, दुकानदाराने दरडावलं, तोंडातून नाव निघून गेलं, गर्दी झालेली दिसली म्हणून कॅमेरा चालू केला. लोकांनी आधी शिव्या दिल्या. मग तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं हो." आणि वारं फिरलं. चहा झाला. काका खाली येऊन तिरडीपाशी वाकले, आबांना म्हणाले, "ही गाठ सैल आहे. पडलो असतो ना मी."

"काका, असली चेष्टा करू नका," आबा म्हणाले. ते हसत नव्हते. "बांधलेली रिकामी ठेवत नाहीत. काहीतरी द्यावं लागतं हिला."

त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी आजींच्या सांगण्यावरून काकूंनी आणलेला कोहळा तिरडीवर ठेवला, वर पांढरं कापड टाकलं आणि आम्ही चौघं ते उचलून खाडीवर गेलो. मित्र तोवर बॅटरी घेऊन परतलेला. पुढे तो आणि मी, मागे मास्तर आणि वाणी. मित्र हसून हसून अडखळत होता. "बाबा किती हलके झालेत बघ," असं म्हणाला. खाडीच्या बंधाऱ्यावर गावातला एक कोळी जाळं झटकत बसलेला. त्याने आमच्याकडे, मग कापडाखालच्या गोल आकाराकडे बघितलं आणि उभा राहिला.

"यो काय आनलाव? आमचे खारीन नको सोरू. भरतीला परत येल ता."

आम्ही तरी सोडलं. ओहोटी होती. कोहळा आधी बुडाला, मग वर आला, आणि पांढरं कापड बराच वेळ दिसत राहिलं. मला घाई होती. दिवेलागणीच्या आत ठाणं गाठायचं होतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी दूध घेऊन येत होतो. काका फिरून परत येत होते. डॉक्टरने त्यांना खाडीपर्यंत चालायला सांगितलेलं. माझ्याजवळ थांबले.

"बांबू परत आलेत," ते म्हणाले. "चिखलात उभे आहेत दोन्ही. माझ्याकडे बघत असल्यासारखे."

मी हसायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला एक खरं सांग. रागावत नाही. एवढी नावं असताना माझंच कसं आलं रे तुझ्या तोंडात?"

आता मला वाटतं, त्या माणसाने मला दार उघडून दिलं होतं. मी म्हणायला हवं होतं, काका, ते आलं नाही, मी आणलं. फिल्मला गर्दी हवी होती, वायर आमच्या कठड्यापर्यंतच पुरत होती आणि समोर तुमचंच फाटक होतं, तुमच्या छातीत दुखतं हे लोकांना माहीत होतं म्हणून तुम्हाला मारलं. त्यांनी माझ्या कानाखाली मारली असती आणि आयुष्यभर मला त्यावरून छळलं असतं. पण स्पर्धेचा निकाल लागायचा होता. बिल्डिंगीत तोंड दाखवायचं होतं. काकूंचा चेहरा कॅसेटवर होता.

मी म्हटलं, "काय माहीत काका. आपोआप आलं."

"आपोआप," ते म्हणाले. मान हलवली. हात काढून घेतला. "हं. तेच म्हटलं मी."

त्याच आठवड्यात त्यांनी ऑपरेशनची तारीख रद्द केली. सगळ्यांना सांगताना हसत सांगायचे, "आता आयुष्य वाढलंय, कशाला चिरफाड?" लोकांनाही ते पटायचं. मला मात्र ठाऊक होतं की ते कशाला भ्यालेत. त्यांना वाटत होतं, यमाने नाव उच्चारलंय, ते माझ्या तोंडून, आणि आता टेबलावर जाऊन झोपणं म्हणजे आपल्या पायाने तिरडीवर चढणं. काकू आमच्या घरी आल्या. आईसमोर मला म्हणाल्या, "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात. उगाच मनात घेऊन बसलेत." मी म्हटलं, सांगतो. मी गेलो, त्यांच्याबरोबर कॅरम खेळलो आणि परत आलो.

फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं, कॅसेटही परत मिळाली. परीक्षकांतले एक जण मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या बाईंनी चपला काढल्या, ते सुचलं कसं? नाटकात असतात का त्या?" मी म्हटलं, शेजारच्या आहेत. मित्राला सुरुवातीचा रिकाम्या फाटकाचा भाग आवडला. "काय थांबलायस रे! भीती वाटते," म्हणाला. तारीख-वेळ कोपऱ्यात स्पष्ट दिसत होती. त्याने बघितली नाही. माझ्याबद्दल त्याला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. त्या बक्षिसावर मला ठाण्यातल्या एका स्टुडिओत नोकरी लागली.

थंडी सरता सरता काका गेले. दुपारी, जेवून झोपलेले असताना. मित्र सुन्न होता, म्हणून सामान आणायला मीच गेलो. दुकानदाराने मला ओळखलं.

"या वेळी खरं का?"

मी मान हलवली. त्याने वय विचारलं नाही. मी उंची सांगायला हात उचलला, तर म्हणाला, "असू दे. लक्षात आहे."

आबांनी बांधली. माणसं जमली, तशीच, हात मागे बांधून. मी पुन्हा पुन्हा आमच्या गॅलरीकडे बघत होतो. तिथे कुणी नव्हतं.

वर्षश्राद्धाला काकूंनी कॅसेट मागितली, त्यांना एकदा बघायचं होतं म्हणून. मी म्हटलं, फंगस लागली, चित्र दिसत नाही. "बरं," म्हणाल्या. पुढे काही वर्षांनी मित्राला पुण्यात नोकरी लागली, खोली विकायची ठरली. निघायच्या दिवशी तो टेम्पोवाल्याला शोधायला गेलेला आणि मी सामान बांधायला मदत करत होतो. टीव्ही तेवढा अजून भिंतीशी होता. काकू म्हणाल्या, "फंगस पुसतात ना रे तुमच्या स्टुडिओत? तू इतकी वर्षं तिथे आहेस."

मी समोर जाऊन कॅसेट आणि माझा व्हीसीआर आणला. का, ते सांगता येत नाही. बहुधा खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

काकू गाठोड्यावर बसून बघत होत्या. रिकामं फाटक. खूप वेळ रिकामं फाटक. मग हातगाडी.

"गाडी नंतर आली," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू आधीपासून उभा होतास."

"हो काकू."

पडद्यावर त्यांनी चपला काढल्या, आणि काकू खाली स्वतःच्या पायांकडे बघू लागल्या. मग काका बाहेर आले.

"त्यांना माहीत होतं?"

"त्यांनी विचारलेलं. मी म्हटलं, आपोआप आलं."

काकू पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "मुद्दाम केलं म्हणाला असतास तर गेले असते रे ते ऑपरेशनला. शिव्या देत गेले असते. त्यांना चेष्टा चालायची. एवढी चालायची."

मी खाली बसलो. मला वाटलं त्या मारतील. त्यांनी पदराने टीव्हीच्या काचेवरची धूळ पुसली, काकांच्या चेहऱ्यावरची.

"ह्याला नको सांगूस," त्या म्हणाल्या. "त्याला भाऊ नाही. मी असेपर्यंत तरी नको."

मग म्हणाल्या, "ते बाहेर येतात तिथून परत लाव." मी लावलं. खाली टेम्पोचा हॉर्न वाजेपर्यंत लावत राहिलो.

आता त्या नाहीत. रविवारी तो येतोय. जुना व्हीसीआर मी दुरुस्त करून आणला, दोन खुर्च्या मांडल्या. कॅसेट सुरू होईल, रिकामं फाटक दिसेल, तो म्हणेल, "काय थांबलायस रे!" किती वेळ थांबलोय ते मला पाठ आहे. त्या वेळात, हातगाडी यायच्या आत, मला बोलायचं आहे.